दर्याच्या भाषेला सोंवळें

मालवणच्या धक्क्यावर आजकाल जी भाषा कानीं पडते तिचा आपल्या सुशिक्षित वर्गास मोठा विटाळ वाटूं लागला आहे. स्कूबा, स्नॉर्केल, जेटस्की, बनाना, बंपर हे शब्द एकीकडून, आणि उधाण, भांग, मतलई, तांडेल, रापण हे शब्द दुसरीकडून, एकाच तरुणाच्या तोंडून एका दमांत बाहेर पडतात. हा तरुण बहुधा गाबीत कुळांतला असतो. त्याच्या आज्यानें शिडाची होडी चालविली, बापानें इंजिनाची चालविली, आणि तो स्वतः पुण्यामुंबईच्या पाहुण्यांस पाण्याखालीं नेऊन प्रवाळ दाखवितो. तारकर्ली-देवबागेस चार दिवस राहून, पोटभर मासे खाऊन घरीं परतलेलीं आमचीं कुटुंबें त्या प्रवाळाची तारीफ करितात, माशांची तर करितातच. पण त्या तरुणाच्या भाषेचा विषय निघाला कीं नाकें मुरडलीं जातात. ना धड मराठी, ना धड इंग्रजी, ना धड मालवणी, असा निकाल एका वाक्यांत लागतो.

निकाल देणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिला शुद्धिवाद्यांचा. ह्यांच्या मतें परकी शब्द म्हणजे घरांत शिरलेला चोर. त्याला हांकून त्याच्या जागीं संस्कृत धातूपासून घडविलेला सात-आठ अक्षरांचा शब्द बसविला कीं भाषेचें रक्षण झालें. दुसरा पंथ अभिमान्यांचा. ह्यांना शब्द हांकण्याचे कष्ट नकोत. कोणताहि शब्द घ्यावा आणि तो मूळचा आपलाच होता, परक्यांनीं पळविला, असें सिद्ध करून मोकळें व्हावें, ही त्यांची रीत. पहिला पंथ शब्दाला गांवाबाहेर काढतो, दुसरा त्याला खोटी वंशावळ लिहून देतो. होडींत बसलेल्या माणसास तो शब्द कशासाठीं लागतो हें विचारण्याची गरज मात्र दोघांसहि वाटत नाहीं. प्रस्तुत लेख ह्या दोन्ही पंथांविरुद्ध आहे, आणि तो मिळमिळीत व्हावा अशी आमची इच्छा नाहीं.

शुद्धिवाद्यांच्या बोलण्यांत एक गोष्ट गृहीत असते. पाहुण्यांची ही लाट येण्यापूर्वीं मालवणच्या किनाऱ्यावर शुद्ध मराठी नांदत होती आणि ती ह्या दहावीस वर्षांत बाटली, असें ते धरून चालतात. तेव्हां ही जुनी, निर्मळ म्हणून वाखाणलेली भाषा काय होती तें पाहूं. दर्या हा शब्दच फारशी. बंदर फारशी. होडीचा नांगर हा फारशी लंगर. सुकाणूं अरबी सुक्कान. खलाशी अरबी. नाखवा हा फारशी नाखुदाचा मराठमोळा अवतार. त्या नाखुदांतला नाव हा अंश आणि संस्कृतांतला नौ हे सख्खे भाऊ आहेत, हें शुद्धिवाद्यांच्या समाधानासाठीं येथें नमूद करितों. सारंग म्हणजे फारशी सरहंग, सेनेचा नायक. मराठ्यांच्या लढाऊ नौकांपैकीं गुराब ही अरबी. त्या भाषेंत गुराब म्हणजे कावळा. ज्या आरमाराच्या नांवानें आपली छाती फुगते तो शब्द पोर्तुगीज आर्मादा आहे. मासळी उतरली म्हणजे धक्क्यावर जो लिलाव पुकारला जातो तो पोर्तुगीज, आणि खलाशाला मिळणारा पगारहि पोर्तुगीज. तांडेल दक्षिणेकडच्या द्रविड भाषांशीं नातें सांगतो. तुफान अरबी. मोसम अरबी; तोच पोर्तुगीजांनीं उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनीं घेतला, आणि आज जगभर मॉन्सून म्हणून गाजतो तो हाच. ही सर्व मंडळी बाहेर काढलीं तर होडींत वल्हें उरेल, शीड उरेल, आणि शुद्धिवादी उरतील.

ह्या यादींतला एक शब्द थांबून पाहण्याजोगा आहे. रात्रीं व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यास मतलई म्हणतात. शाळेच्या भूगोलांत तो शिरला आहे, आणि मुलें 'खारे वारे, मतलई वारे' असें घोकतात. त्याचें मूळ अरबी मतला, म्हणजे उगवतीची जागा. जुने अरब नावाडी ताऱ्यांच्या उगवती-मावळतीवरून दिशा मोजीत. आपल्या किनाऱ्यावर जमीन उगवतीला. म्हणून जमिनीकडचा वारा तो मतलई. गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात तो हाच शब्द. दिवाणखान्यांत त्या मतल्यावर माना डोलतात, आणि तांडेलाची मतलई मात्र अडाण्याची बोली ठरते! शिडाच्या काळीं होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारीं खाऱ्या वाऱ्यावर घराकडे वळत. गांवाच्या चुली केव्हां पेटावयाच्या तें ह्या दोन वाऱ्यांवर ठरे. हा अरबी शब्द कोंकणांत बाटण्यासाठीं आला नव्हता. तो धंद्यासाठीं आला, उपयोगी पडला, आणि राहिला.

शुद्धिवादी येथें शिवछत्रपतींचा दाखला देतात. राज्यव्यवहारकोश महाराजांच्या आज्ञेनें झाला आणि त्यानें दरबारी फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, हें खरेंच आहे. पण तो कोश उघडून पाहावा. त्याचे दहा वर्ग आहेत. त्यांत राजवर्ग आहे, शस्त्रवर्ग आहे, दुर्गवर्ग आहे, बाजारासाठीं पण्यवर्गहि आहे. नाविकांचा वर्ग नाहीं. १६६४ मध्यें मालवणसमोरच्या कुरटे बेटावर ज्यांनीं सिंधुदुर्ग बांधावयास घेतला, आणि १६६७ मध्यें पुरा केला, त्यांस आरमाराचें महत्त्व कळत नव्हतें असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. आम्ही त्यावरून असा तर्क करितों कीं दरबाराची भाषा बदलण्याचा अधिकार दरबाराला असतो. तुफानांत सुकाणूं धरलेल्याच्या तोंडचा शब्द बदलण्याच्या भरीस शहाणा राजा पडत नाहीं. कोणास हा तर्क पटत नसेल तर त्यानें आपला दुसरा तर्क मांडावा. पण त्या कोशाच्या जोरावर सुकाणूं हिसकावूं नये.

पुढें विसाव्या शतकांत सावरकरांनीं रत्नागिरीस असतांना भाषाशुद्धीची चळवळ उभारली. महापौर, दूरध्वनि हे शब्द त्या चळवळीनें दिले व ते रुळले. त्याबद्दल ऋण मानावयास आम्हांस संकोच नाहीं. तेथें नवें पद होतें, नवें यंत्र होतें, जागा रिकामी होती. माधव जूलियन ह्यांचें उदाहरण तर शुद्धिवाद्यांनीं मनावर घ्यावें असें आहे. १९२५ मध्यें त्यांनीं फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, आणि १९३८ मध्यें 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. म्हणजे टाकावयाच्या शब्दांची मोजदाद ह्या माणसानें तेरा वर्षें आधीं करून ठेविली होती. आजच्या शुद्धिवाद्यास समुद्रावरचे पन्नास शब्द तरी अर्थासह सांगतां येतील काय? ज्या कोठारांत आपण कधीं पाऊल टाकिलें नाहीं तेथील धान्य किडकें आहे असें ओरडण्यास कोणतेंच ज्ञान लागत नाहीं.

आतां नव्या शब्दांकडे वळूं, कारण राग मुख्यतः त्यांच्यावर आहे. जेटस्की हें कावासाकी कंपनीनें १९७० च्या दशकांत बाजारांत आणलेल्या एका यंत्राचें नांव. त्या जातीच्या सर्वच यंत्रांना तें चिकटलें. त्यांतला स्की हा शब्द मात्र बर्फाच्या देशांतला, नॉर्वेचा आहे. जुन्या नॉर्स भाषेंत स्कीद म्हणजे चिरलेलें लाकूड, फळी. हिवाळ्यांत बर्फावरून चालतां यावें म्हणून तेथील शेतकरी व शिकारी पायांस फळ्या बांधीत, त्या फळ्यांचें हें नांव. नॉर्वेकर स्वतः त्याचा उच्चार 'शी' असा करितात, त्यामुळें आमच्या नाकें मुरडणाऱ्यांस हा शब्द आयताच सांपडला आहे. त्या खेळांतला स्लॅलम हाहि तेथील खेड्यांतलाच: उतार आणि माग ह्या अर्थाच्या दोन शब्दांचा जोड. बर्फावर जे लहान उंचवटे होतात त्यांना इंग्रजींत 'मोगल' म्हणतात. आमच्या अभिमानी पंथाच्या हातीं हा शब्द पडला तर तो त्याला थेट दिल्लीच्या तख्तापर्यंत नेऊन सोडील. पण तो आला ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या पहाडी बोलींतून, जेथें त्याच्या मुळाचा अर्थ टेकाड एवढाच आहे. एखादा बर्फावर आपटला आणि त्याच्या फळ्या, काठ्या, टोपी, हातमोजे चहूंकडे उधळले, तर अमेरिकेंतले खेळाडू त्या पडण्याला 'यार्ड सेल' म्हणतात; तिकडे लोक जुनें सामान अंगणांत पसरून विकतात, त्यावरून हें नांव. कोणत्याहि विद्यापीठानें हे शब्द घडविले नाहींत. ते पडणाऱ्यांनीं व पडलेल्यास हंसणाऱ्यांनीं घडविले, आणि आज जागतिक स्पर्धांच्या नियमांत स्लॅलम व मोगल छापले जातात.

शब्दांचा प्रवास असा कीं त्याला चढउताराचेंहि सोयरसुतक नसतें. गोंडोला ही व्हेनिसच्या कालव्यांतील नाव. आज गुलमर्गला पाहुण्यांना डोंगरावर नेणारा दोरावरचा पाळणा तिचें नांव धारण करितो. नाव डोंगरावर चढली आणि बर्फावरची फळी मालवणच्या पाण्यांत उतरली. कयाक ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांची. कॅटामरान तर तामिळ कोळ्यांची कट्टुमरम, म्हणजे बांधलेलीं लाकडें. ती इंग्रजींतून फिरून, शौकिनांच्या क्रीडानौकेचें नांव होऊन परत आली म्हणजे आम्ही तिला मान देतों. कोळ्याच्या तोंडून तोच शब्द थेट ऐकावयाची मात्र आमची तयारी नसते.

पाण्याखालच्या शब्दांची कुळकथा ह्याहून बोधक आहे. स्कूबा हा शब्दच नव्हे; तीं पांच इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें आहेत, आणि 'स्वतःजवळ बाळगावयाचें पाण्याखालीं श्वास घेण्याचें साधन' असा त्यांचा सरळ अर्थ आहे. क्रिश्चन लॅम्बर्टसेन ह्या अमेरिकन वैद्यानें १९५२ मध्यें तीं रूढ केलीं. स्नॉर्केल जर्मन. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्यांना पाण्याखालून हवा ओढण्यासाठीं एक नळी बसविलेली असे; तिला तेथील खलाशी थट्टेनें श्नोर्शेल, म्हणजे नाकाड, म्हणत. घोरणें ह्या अर्थाच्या जर्मन क्रियापदाचा तो सगा आहे. सभ्य घरांतलीं मुलें चिवल्याच्या किनाऱ्यावर तोंडांत नळी धरून पाण्यांत पालथीं पडतात, तेव्हां शब्दार्थानें पाहतां तीं तेथें घोरत असतात. ह्यांत लाज कोणाला वाटावी?

थट्टेंतून शास्त्र कसें नांव घेतें ह्याचें सर्वांत करुण उदाहरण 'बेंड्स' हें आहे. १८७० च्या सुमारास अमेरिकेंत सेंट लुईस येथें मिसिसिपी नदीवर पूल बांधला जात होता. मजूर दाबाच्या हवेनें भरलेल्या प्रचंड पेट्यांतून नदीच्या तळाशीं उतरत व पाया खणीत. वर आल्यावर कित्येकांचे सांधे असह्य दुखूं लागत, ते कंबरेंत वांकून चालत, कांहीं मेले. त्या काळीं तेथील शौकीन स्त्रियांत पुढें झुकून चालण्याची एक ढब होती, तिला ग्रीशियन बेंड म्हणत. मजुरांनीं आपल्याच सोबत्यांच्या यातनांस तें नांव दिलें. दाबांतून झटकन बाहेर पडलेल्या शरीरांत नत्रवायूचे बुडबुडे होतात, हें पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ मध्यें दाखविलें. कारण शास्त्रज्ञानें सांगितलें, नांव मजुरांचें राहिलें. आज पाणबुडेच काय, डॉक्टरहि बेंड्स म्हणतात. त्या पेटींत न उतरलेल्या एखाद्या पंडितानें ह्या शब्दाला ग्राम्य म्हणून खोडलें असतें, तर एका मजुरानें दुसऱ्यास दिलेला इशाराच त्याबरोबर खोडला गेला असता.

इशारा हा शब्द आम्ही जाणून वापरला. पाण्याखालीं तोंडांत नळी असते, बोलतां येत नाहीं. तेथें सर्व व्यवहार हातांच्या खुणांनीं चालतो. आपल्या भाषेंत ह्याला करपल्लवी असा सुंदर शब्द आहे, आणि तो आमच्या शुद्धिवाद्यांना सुचूं नये ह्याचें नवल वाटतें. ह्या करपल्लवींत अंगठा वर करणें म्हणजे 'वर चला'. 'सर्व ठीक' सांगावयाचें तर अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करावयाचें. घरीं आनंद झाला कीं अंगठा दाखविण्याची आम्हांस संवय; तीच संवय पाण्यांत नेली, तर मासे पाहून हरखलेला गृहस्थ अंगठा दाखवितो आणि सोबतचा तरुण त्याला तत्काळ वर घेऊन जातो. पैसे भरून पांच मिनिटांत बाहेर काढलें अशी तक्रार मग केली जाते. चूक तरुणाची नसते. त्यानें खुणेचा जो अर्थ जगभर ठरलेला आहे तोच घेतला, आणि उलट अर्थ घेऊन खेळ करावयास पाण्याखालीं मुभा नाहीं. ह्या भाषेला भेसळ म्हणणाऱ्यांनीं एकदां तरी तिच्यावर आपला श्वास सोंपवून पाहावा.

अभिमानी पंथाचा समाचार आम्ही थोडक्यांत घेणार होतों. पण त्याचा उपद्रव अधिक आहे, कारण तो गोड लागतो. होडीचा नांगर समुद्राचा तळ नांगरतो म्हणून त्यास नांगर म्हणतात, ही व्युत्पत्ति ऐकावयास किती साजरी! शेताचा नांगर संस्कृत लांगलापासून आला आणि होडीचा फारशी लंगरापासून. दोघे मराठींत येऊन एका रूपाचे झाले, त्यांचा रक्ताचा संबंध नाहीं. सारंगाचा संबंध कोणी हरणाशीं लावील, कोणी रागाशीं. होडीवरचा सारंग ह्यांपैकीं कोणाचाच नव्हे. खुद्द मालवण ह्या नांवाचा अर्थ कोणी महालवण म्हणजे मोठें मिठागर असा सांगतात, कोणी माडाचें बन असा. दोन्ही अर्थ त्या भूमीला शोभतात, आणि शोभतात एवढ्यावरच ते खरे ठरविले जातात. व्युत्पत्ति ठरविण्यास जुन्या कागदांतलें नांवाचें सर्वांत जुनें रूप लागतें, शेजारच्या गांवांच्या नांवांशीं तुलना लागते. शोभा हा पुरावा नव्हे.

ही खोड पंडितांचीच आहे असें मात्र नाहीं. देवबागेजवळ कर्ली नदीच्या मुखाशीं वाळूचें एक लहानसें बेट आहे, त्याला पाहुण्यांच्या सोयीसाठीं त्सुनामी बेट म्हणतात, आणि २६ डिसेंबर २००४ च्या लाटेनें तें उगवलें अशी कथा नावेंत बसल्याबसल्या ऐकविली जाते. त्सुनामी हा जपानी शब्द, अर्थ बंदरांतली लाट. नदी आणि समुद्र जेथें भेटतात तेथें वाळूचे दांडे पडतात, मोडतात, सरकतात. तेवढ्यासाठीं दूरदेशच्या प्रलयाची गरज नसते. नावाड्याला कथा खपवावयाची असते हें आम्ही समजतों. पोटाची गोष्ट आहे. पदवीधर माणसें तीच कथा घरीं नेऊन मुलांना भूगोल म्हणून सांगतात, त्याला काय म्हणावें?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, नवे शब्द येतात तर येऊं देत, इतकें तापण्यासारखें काय आहे? तापण्यासारखें असें कीं नव्यांवर राग काढण्याच्या गडबडींत जुने शब्द डोळ्यांदेखत जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांनीं धरून ठेविलेलें ज्ञान जात आहे. शीड गेलें, इंजिन आलें. शिडाच्या दोऱ्यांचीं नांवें आतां म्हाताऱ्या तांडेलांपाशीं उरलीं आहेत. भांग म्हटल्यावर आमच्या मुलांना केसांतला भांग आठवतो किंवा होळींतला. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर मंदावतो त्याला भांग म्हणतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या जोराला उधाण, हें तिथीवरून समुद्र वाचण्याचें शास्त्र होतें. घड्याळ व तक्ते हातीं नसतांना केव्हां जाळें टाकावें, केव्हां खाडींत शिरावें, हें त्या दोन शब्दांवर ठरे.

रापण घ्या. होडीनें जाळ्याचा अर्धवर्तुळ वेढा घालून त्याचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यावर आणावयाचीं व माणसांनीं दोहों बाजूंनीं ओढावयाचीं. हौशी पाहुणे दोरीला हात लावून छायाचित्र काढतात. पण रापण हें नुसतें जाळें नव्हे; तें जाळें ज्यांच्या मालकीचें व मेहनतीचें, त्या भागीदारांच्या समुदायालाहि रापणच म्हणतात. 'किनारी ओढजाळें' असा शुद्ध प्रतिशब्द दिला कीं जाळें राहतें आणि माणसें गळतात. ह्याच्या समोर पर्ससीन उभें आहे. सीन हा मूळ ग्रीक सागेने, म्हणजे जाळें. पर्स म्हणजे बटवा, कारण बटव्याची दोरी आवळावी तसें त्या जाळ्याचें तोंड खालून आवळलें जातें, आणि भर समुद्रांत थवाच्या थवा उचलला जातो. पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारींवर तक्रारी होऊन २०१६ मध्यें राज्य सरकारनें ह्या मासेमारीवर निर्बंध घातले. तंटा अद्याप मिटलेला नाहीं. मालवणी बोलींत पर्ससीन हा शब्द आला तो भाषेच्या हौसेनें आला नाहीं. तो एका गाऱ्हाण्याचें नांव आहे, आणि गाऱ्हाणें करणाऱ्याला त्याच्या शत्रूचें नांव बदलून देणें हा कसला उपकार?

मालवणीचें कौतुक आम्ही करीत नाहीं असें कोणी म्हणूं नये, असें उत्तर येईल. १९८० मध्यें 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलें, मच्छिंद्र कांबळींनीं त्याचे हजारों प्रयोग केले, आणि मध्यमवर्गीय प्रेक्षक पोट धरून हंसला. तें हंसणें निर्मळ होतें. परंतु ह्यापुढें ही भाषा हंसण्यापुरतीच आहे असा आम्ही समज करून घेतला, हा दोष नाटकाचा नव्हे, आमचा. तिच्यांत वारा मोजला जातो, पाणी जोखलें जातें, जीव वांचविले जातात, हें आमच्या ध्यानांत आलेंच नाहीं.

२४ मे २०२२ रोजीं तारकर्लीच्या समुद्रांत स्कूबाहून परतणारी पर्यटकांची नाव उलटली आणि दोघांस प्राण गमवावे लागले. त्या अपघाताचें कारण ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं मे महिन्याच्या अखेरीस समुद्राचा रंग पालटूं लागतो, आणि त्या वेळीं नावेंत बसणाऱ्या पाहुण्याला तांडेलाचा एकहि शब्द कळत नाहीं. 'आज उधाण आहे' असें सांगितलें तर तो तें वर्णन समजतो. त्यांत नकार आहे, हें त्याला ऐकूं येत नाहीं. उलट पैसे मोजले आहेत म्हणून तो हट्ट धरतो. शब्दाचा अर्थ दोन पक्षांत एकच नसला म्हणजे काय होऊं शकतें, ह्याची कल्पना दिवाणखान्यांत बसून येणें कठीण आहे.

केरळांत ह्याच्या उलट घडलें. दूर दक्षिणेकडील वादळांनीं उठलेल्या लाटा, किनाऱ्यावर वारा नसतांना, आभाळ निवळ असतांना, अचानक येऊन घरांत शिरतात. तेथील कोळी त्याला कळ्ळक्कडल म्हणतात: कळ्ळन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र, चोरासारखा येणारा समुद्र. ह्या बोलींतल्या शब्दाला शास्त्रज्ञांनीं नाकारलें नाहीं. २०१२ मध्यें युनेस्कोनें तो शास्त्रीय व्यवहारासाठीं मान्य केला, आणि आज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राचे इशारे देते त्यांत तो असतो. अशा लाटांचे इशारे आपल्या कोंकणकिनाऱ्यासहि मिळतात. कोळ्यानें भीतीनें ठेविलेलें नांव जगाच्या शास्त्रांत गेलें. त्यासाठीं त्या कोळ्याला संस्कृत शिकावें लागलें नाहीं, कीं त्या शब्दाची खोटी वंशावळ लिहावी लागली नाहीं. त्याचें कोणीतरी ऐकून घेतलें, एवढेंच घडलें. आमच्या किनाऱ्यावरच्या लाटांना, प्रवाहांना, वाऱ्यांना मालवण-वेंगुर्ल्याच्या तांडेलांनीं काय नांवें ठेविलीं आहेत, हें त्याच आस्थेनें कोणी विचारलें आहे काय?

मोल्सवर्थ हा परका साहेब. १८३१ च्या व १८५७ च्या त्याच्या कोशांत दर्यावर्दींचे कित्येक शब्द सांपडतात. १९३२ ते १९३८ ह्या काळांत दाते-कर्वे प्रभृतींनीं महाराष्ट्र शब्दकोश काढला, त्यांतहि ते आले. त्यानंतर शीड जाऊन इंजिन आलें, सुताच्या जाळ्याच्या जागीं नायलॉन आलें, पाहुण्यांचा धंदा आला, आणि प्रत्येक बदलाबरोबर शब्द गेले व आले. हा हिशेब लिहून ठेवण्यास मोठा निधि लागत नाहीं. सिंधुदुर्गांतल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनीं प्रत्येकीं दोन विद्यार्थी दिले, आणि त्यांनीं मालवण, देवबाग, निवती, वेंगुर्लें, आचरें, देवगड एवढीं बंदरें वांटून घेतलीं, तर काम सुरू होतें. नोंद करतांना शब्द फारशी आहे कीं जर्मन हें नंतर पाहावें. आधीं तो कोण, केव्हां, कशासाठीं म्हणतो तें लिहावें. जेटस्की आणि स्नॉर्केल ह्यांना त्या वहींतून वगळूं नये. आजच्या तरुणानें त्यांना कोणते नवे अर्थ दिले आहेत तेंहि उतरावें. आणि धक्क्यावर जेथें पाहुण्यांसाठीं दरपत्रकाचा फलक लागतो तेथें दुसरा एक फलक लावावा: उधाण म्हणजे काय, भांग म्हणजे काय, तांडेलानें नको म्हटलें म्हणजे काय, आणि पाण्याखालीं वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ कोणता.

विचारण्यासाठीं काळहि बांधलेला आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पाहुण्यांच्या नावाहि पावसाळ्यांत वर ओढलेल्या असतात, आणि म्हातारे तांडेल ओट्यावर जाळीं सांधीत बसलेले असतात. त्या दोन महिन्यांत, नारळी पौर्णिमेच्या आंत, निदान वाऱ्यांचीं व पाण्याचीं नांवें उतरवून घ्यावीं. जाळ्यांचीं आणि माशांचीं पुढील पावसाळ्यांत.